इस्लामनगरची ती खोली

वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने निघाले की एक रात्र आणि जवळजवळ एक पूर्ण दिवस गेल्यावर भोपाळ येते. मी गेलो होतो एका लग्नाला. मुलीकडची मंडळी तिथे दोन पिढ्या स्थायिक झालेली मराठी माणसे. लग्न आटोपले, परतीच्या गाडीला दीड दिवस बाकी होता, आणि यजमानांनी विचारले, "सांची बघणार की भीमबेटका?" मी म्हटले, इस्लामनगर. त्यांनी भुवया उंचावल्या. भोपाळात उभा जन्म काढलेल्या त्या गृहस्थांनी इस्लामनगर फक्त शाळेच्या सहलीत पाहिले होते.

मला मात्र तिथेच जायचे होते, आणि त्याचे कारण थोडे घरगुती आहे. ते पुढे येईलच.

भोपाळपासून बैरसिया रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की हा लहानसा किल्ला लागतो. दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला, तटबंदी बरीच ढासळलेली, आत गावाची वस्ती. सरकारदरबारी याचे नाव २०२३ च्या फेब्रुवारीपासून जगदीशपूर आहे. भोपाळचे संस्थान ज्याने उभारले त्या दोस्त मोहम्मद खान या पठाण सरदाराने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे ठिकाण घेतले. त्याच्याआधी इथे राजपूत ठाकूर होते आणि गावाचे नाव जगदीशपूरच होते. ते त्याने कसे घेतले, याची हकिकत भोपाळकर स्वतःच सांगतात. नदीकाठी तंबू ठोकून त्याने ठाकुरांना जेवायला बोलावले, जेवण झाल्यावर पानविडा आणायच्या निमित्ताने तो बाहेर पडला, तंबूचे दोर कापले गेले आणि आतले सगळे कापून काढले. नदीचे पाणी लाल झाले, म्हणून तिला हलाली म्हणू लागले. त्याच नदीवर आज जे मोठे धरण आहे त्याच्या जलाशयाला सम्राट अशोक सागर असे नाव आहे. लोक मात्र सरळ हलाली डॅम म्हणतात.

असो. हा गुन्हा उघड आहे, त्यात कोडे काही नाही. मला ज्याची ओढ होती ती गोष्ट शंभरेक वर्षांनंतरची, आणि ती याच किल्ल्यातल्या घरात घडली.

आता थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि तो आपल्या मराठी इतिहासापासून फार दूरचा नाही. भोपाळच्या वेशीवर १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावाने निजामाला कोंडून धरले आणि पुढच्या महिन्यात जवळच्याच दुराहा सराईत त्याच्याकडून तह लिहून घेतला, हे शाळेत शिकलेले आठवत असेल. पुढे पाऊणशे वर्षांनी, १८१२-१३ मध्ये, नागपूरकर भोसले आणि ग्वाल्हेरकर शिंदे यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला. महिनोन्‌महिने तो चालला. शहर पडले नाही, कारण वजीर मोहम्मद खान नावाचा एक जिद्दी सरदार आत होता. नवाब दुसराच होता, गौस मोहम्मद खान. पण तो नावापुरता. वेढा उठल्यावर गादी गौसची आणि सत्ता वजीरची अशी स्थिती झाली. १८१६ साली वजीर वारला. त्याच्या थोरल्या मुलाला, अमीर मोहम्मदला, बाजूला सारून धाकटा मुलगा नजर मोहम्मद खान कारभारावर आला. आणि दोन्ही घराण्यांतली तेढ मिटावी म्हणून नजरचे लग्न गौसच्या मुलीशी लागले. तिचे नाव गोहर. पुढे कुदसिया बेगम म्हणून प्रसिद्धीस आली ती हीच.

ही नाती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यांच्यातच आहे. पदच्युत झाल्यासारखा सासरा. डावललेला थोरला भाऊ. मधे तरुण, हुशार जावई.

नजर मोहम्मदने २६ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रजांशी तह केला. सहाशे घोडेस्वार आणि चारशे पायदळ द्यायचे, बदल्यात संरक्षण. इस्लामनगरचा किल्ला त्याआधी काही वर्षे शिंद्यांच्या ताब्यात होता, तो याच धामधुमीत भोपाळकडे परत आला. नजरला त्याचे अप्रूप असणार. तो बायको आणि लहान मुलगी सिकंदर यांना घेऊन तिथे राहू लागला.

११ नोव्हेंबर १८१९. इस्लामनगरच्या महालात नजर मोहम्मद आपल्या मुलीला खेळवीत होता. जवळ त्याचा मेहुणा होता, गौसचा मुलगा, कुदसियाचा भाऊ फौजदार मोहम्मद खान. वय वर्षे आठ. पोराने नवाबाचे पिस्तूल हाती घेतले, ते उडाले आणि नवाब जागीच गेला. त्याचे वय तेव्हा अठ्ठावीसच्या आसपास. कंपनी सरकारने अपघात मानला, भोपाळने अपघात मानला, आणि प्रकरण मिटले.

मिटले म्हणजे काय, तर बंद झाले.

मी काही गुप्त पोलीस नाही, पण दोन गोष्टी मनात येतातच. पहिली, पिस्तुलाची. १८१९ सालचे पिस्तूल म्हणजे चकमकीचे, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारे. भरलेले पिस्तूल कमरेला लावताना त्याचा घोडा अर्धा ओढून अडकवून ठेवत, म्हणजे चाप दाबला तरी ते उडू नये. ते उडवायला घोडा पुरता मागे ओढावा लागे. आठ वर्षांच्या मुलाला ते जमेल का? जमेलही. अडकवण झिजलेली असली तर नुसते हातातून पडूनही असले हत्यार उडते. पण कोणी ते पिस्तूल आधीच पुरते ओढून ठेवले होते का, हा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर देणारे कोणी उरलेले नाही.

दुसरी गोष्ट फायद्याची. नजर गेल्यावर गौसच्या घराला आशा वाटावी आणि अमीर मोहम्मदच्या घरालाही. पण झाले तिसरेच. एकोणीस-वीस वर्षांची कुदसिया नवऱ्याच्या तिसऱ्याच्या दिवशी जमलेल्या सरदारांपुढे उभी राहिली आणि म्हणाली की गादीची वारस आपली मुलगी सिकंदर, आणि ती मोठी होईपर्यंत कारभार आपण पाहू. सरदारांनी मान्य केले. भोपाळवर पुढे शंभरएक वर्षे बेगमांचे राज्य चालले त्याची सुरुवात त्या गोळीपासून झाली. मग तिच्यावर संशय घ्यायचा का? मला तसे वाटत नाही. विशीच्या विधवेने एवढा डाव रचावा आणि तो दोन्हीकडचे भाऊबंद टपलेले असताना तडीस जावा, हे पटत नाही. मला वाटते बहुधा तो अपघातच असावा. पण हे 'बहुधा' मला कुठेच लिहिलेले आढळत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

कारण पहा, हा इतिहास लिहिला कोणी? भोपाळचा घरचा इतिहास, 'ताज-उल-इक्बाल', लिहिला शाहजहान बेगमने. ती सिकंदरची मुलगी, म्हणजे मेलेल्या नवाबाची नात; आणि ज्याच्या हातून गोळी सुटली तो तिच्या आजीचा भाऊ. अलीकडचे सर्वांत वाचनीय पुस्तक 'द बेगम्स ऑफ भोपाळ' हे २००० साली आले. त्याचे लेखक शहरयार खान याच घराण्यातले, भोपाळात जन्मलेले आणि पुढे पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव झालेले. माहिती भरपूर देतात, लिहितातही छान. पण घराण्याची कथा घराण्यानेच सांगायची म्हटली की काही दारे हळूच लोटून घेतली जातात. त्यात लबाडी असतेच असे नाही. त्या बाईचा विचार करा. नवरा गेला आणि तो आपल्या लहान भावाच्या हातून गेला. चौकशी मागण्याचा सर्वांत जास्त हक्क जिचा, तीच चौकशी झाली तर सर्वांत जास्त गमावणार.

इथे आपल्याला शनिवारवाडा आठवणे साहजिक आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाला गारद्यांनी मारले तेव्हाही प्रकरण घरचेच होते, काका-पुतण्याचे. पण तिथे रामशास्त्री होते. घराबाहेरचा एक माणूस होता, त्याने चौकशी केली, राघोबाला दोषी ठरवले आणि पुणे सोडले. म्हणून पुण्याला निवाडा मिळाला. वाडा मात्र १८२८ सालच्या आगीत गेला. आज दरवाजा, तट आणि जोती एवढेच उरले आहे. इस्लामनगरचे नेमके उलटे आहे. निवाडा नाही, पण घर उभे आहे.

आणि खरेच उभे आहे. चमन महालात शिरले की पुढ्यात चारबाग, मधे पाण्याचा पाट आणि कारंज्यांची ओळ. खांबांवर वेलबुट्टी इतकी नाजूक कोरलेली की दगड कोरलाय की पीठ मळून चिकटवलेय असे वाटावे. मुघली डौल आणि माळव्याचा साधेपणा यांची इथे छान गाठ पडली आहे. शेजारी हमाम आहे. थोड्या अंतरावर राणी महाल, दुमजली आणि त्या मानाने अगदी साधा, जनानखाना तो. पलीकडे गोंड महाल, या दोहोंपेक्षा जुना. सगळे राज्य शासनाने संरक्षित केलेले. बागेत गवत कापलेले होते, भिंतींना डागडुजी झालेली होती, आणि एक नवपरिणीत जोडपे छायाचित्रकाराच्या हुकमाने कारंज्याभोवती फिरत होते.

मी तिथल्या एका वयस्क माणसाला विचारले, नवाबसाहेब गेले ते कुठे? तो मला लगेच राणी महालाच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेला आणि एका खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, "यहीं हुआ था साहब." मी नमस्कार केला, खाली आलो. चमन महालाच्या पायरीवर एक पोरगा बसला होता. त्याने ऐकले असावे. म्हणाला, "उनको नहीं मालूम. यहाँ हुआ था, यहाँ." आणि त्याने मागच्या कमानीकडे हात केला.

दोघांचाही आवाज सारखाच ठाम होता.

आता ते घरगुती कारण सांगतो. फोंडा तालुक्यात आमचे जुने घर आहे. चिऱ्यांचे, मधे राजांगण, भोवती वसरी, मागच्या अंगाला माजघराला लागून एक अंधारी खोली. त्या खोलीत कोणी झोपत नाही. लहानपणी तिथे भाताची पिंपे आणि मोडका पाळणा असे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्या खोलीत बंदुकीची गोळी लागून गेले, पोर्तुगीज राजवटीत, माझे वडील जन्मायच्या आधी. बंदूक डुकराच्या शिकारीची. साफ करताना उडाली असे आम्हाला सांगितले. खोलीत आणखी एक माणूस होता, हे मला माझ्या आत्येने फार वर्षांनी सांगितले. कोण, ते तिने सांगितले नाही. "रेजिदोर आलेलो, ताणें बरयलें अपघात म्हणून, जालें मरे," एवढेच म्हणाली. भिंतीत डोक्याच्या उंचीवर एक खळगा आहे. त्यात कधीतरी चुना भरला, तो वाळून आक्रसला आणि कडेने एक चीर राहिली. त्या चिरेत मी बोट घालत असे आणि मार खात असे.

यंदा आम्ही भावंडांनी ते घर दुरुस्त करायचे ठरवले आहे. कंत्राटदार म्हणतो, आतून सगळा गिलावा खरवडून सिमेंट मारू, वर भिंतीला टाइल्स लावू, ओल येणार नाही. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट फासले की ओल बाहेर पडायची वाटच बंद होते आणि भिंत आतून कुजते, हे त्याला चार वेळा सांगून झाले. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. पण खरे म्हणजे माझे दुखणे ओलीचे नव्हतेच. तो खळगा जाणार होता.

म्हणून इस्लामनगर. जुन्या घराची निगा राखतात तेव्हा अशा खोलीचे काय करतात, हे मला बघायचे होते. आणि बघितल्यावर मला वाटले की धोका दोन बाजूंनी आहे. एक, भिंती इतक्या तुळतुळीत करायच्या की कोणता गिलावा कुदसियाच्या काळचा आणि कोणता गेल्या दहा वर्षांतला हे सांगताच येऊ नये. दुसरा धोका त्या वयस्क माणसाच्या बोटात आहे. उद्या कोणी उत्साही अधिकारी त्याचे ऐकून तिथे संगमरवरी फरशी बसवील, 'नवाब नजर मोहम्मद खान येथे', आणि मग ती खोली कायमची ठरेल. चुकीची असली तरी ठरेल. पोराच्या कमानीला मग कोणी विचारणार नाही. नावाचेही तसेच. जगदीशपूर म्हटले की तंबूत मारलेले ठाकूर आठवतात, आणि ते आठवायलाच हवेत. इस्लामनगर म्हटले की त्यानंतरची शंभर-दोनशे वर्षे आठवतात. पाटीवर एकच मावते. घरात मात्र दोन्ही मावतात, कारण गोंड महाल, राणी महाल आणि चमन महाल एकाच तटाच्या आत आहेत.

माझे मत विचाराल तर कोणत्याही दुरुस्तीआधी अशा घराची खोली न्‌ खोली मोजून, चित्र काढून, छायाचित्रे घेऊन ठेवावी. प्रत्येक खोलीत भिंतीचा हातभर तुकडा तरी जुन्या गिलाव्यासकट उघडा सोडावा. आणि पाटी लावायचीच तर तिच्यावर लिहावे की ११ नोव्हेंबर १८१९ रोजी या किल्ल्यात नवाब गोळी लागून मेले, गोळी आठ वर्षांच्या मेहुण्याच्या हातून सुटली असे सांगतात, अपघात म्हणून नोंद झाली, आणि खोली कोणती याबद्दल एकमत नाही. लोकांना हे झेपणार नाही असे अधिकाऱ्यांना वाटते. लोकांना सगळे झेपते.

त्या पोराचे, फौजदारचे, पुढे काय झाले हे सांगायचे राहिले, आणि मला ते सगळ्यांत विलक्षण वाटते. सिकंदरचे लग्न अमीर मोहम्मदच्या मुलाशी, जहांगीरशी झाले. म्हणजे डावललेल्या भावाचे घर त्या वाटेने गादीपर्यंत पोहोचलेच. नवरा-बायकोचे पटले नाही. ती गरोदर असताना त्याने तिच्यावर तलवार चालवली. ती जखमी होऊन आईबरोबर कुठे आली? इस्लामनगरला. बाप जिथे गेला त्याच किल्ल्यात. आणि १८३८ च्या जुलैत शाहजहान बेगम तिथेच जन्मली, पुढे 'ताज-उल-इक्बाल' लिहिणारी. १८४४ साली जहांगीर वारला, तेव्हा सहा वर्षांच्या शाहजहानच्या नावाने कारभार पाहायला इंग्रजांनी नेमले कोणाला, तर फौजदार मोहम्मद खानाला. सिकंदरने आपला बाप ज्याच्या हातून गेला त्या मामाचा कारभार आपल्या मुलीच्या नावाने चाललेला पाहिला. तो १८४७ पर्यंत टिकला, मग तो पायउतार झाला आणि सूत्रे सिकंदरच्या हाती आली. ती तिने अशी चालवली की आजही भोपाळात तिचे नाव आदराने घेतात.

आणि या फौजदारला कवितेचा नाद होता. मिर्झा गालिबने ऐन चोविशीत रचलेल्या कवितांचे १८२१ साली नकललेले एक हस्तलिखित भोपाळात सापडले. गालिबने पुढे स्वतःच गाळून टाकलेले कितीतरी शेर त्यात होते. १९२१ साली ते 'नुस्खा-ए-हमीदिया' या नावाने छापले गेले आणि उर्दू जगात खळबळ उडाली. त्या हस्तलिखितावर मोहोर आहे फौजदार मोहम्मद खानाची. कवीने टाकून दिलेले ओळीन्‌ओळ त्या माणसाने जपून ठेवले होते. आठव्या वर्षीच्या त्या सकाळीबद्दल किंवा दुपारीबद्दल त्याने कुठे काही लिहून ठेवले असते तर! वेळ कोणती होती, तेसुद्धा मला माहीत नाही.

संध्याकाळी यजमानांनी तलावाकाठचा गोहर महाल दाखवला. नवरा गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८२० मध्ये, कुदसियाने तो बांधून घेतला. लाकडी नक्षी, आत एकामागून एक चौक, बाजूला पाणी. आता तिथे हस्तकलेची प्रदर्शने भरतात. मी यजमानांना म्हटले, बाईने इस्लामनगर सोडून इथे घर बांधले, हे समजण्यासारखे आहे. ते म्हणाले, "सोडलं कुठे? पोरीला जखम झाल्यावर तिथेच घेऊन गेली ना." मला यावर बोलता आले नाही.

गाडी इटारसीच्या पुढे गेल्यावर पुतण्याचा फोन आला. कंत्राटदार सोमवारी येतोय, मागच्या खोलीपासून सुरुवात करू म्हणतो, करू दे का? मी म्हटले, वसरीपासून करू दे. मागच्या खोलीतली पिंपे बाहेर काढ, झाडू मारू नकोस, आणि दार उघडून उजेड असताना चारी भिंतींचे फोटो काढ. खळग्याचा जवळून घे, शेजारी फूटपट्टी धरून. तो म्हणाला, "काका, फूटपट्टी कशाला?" मी म्हटले, आधी काढ, मग सांगतो. आणि आत्येला फोन लावला. ती आता नव्वदीच्या घरात आहे, ऐकू कमी येते. तीनदा ओरडून विचारले, त्या खोलीत दुसरे कोण होते. डब्यातले सगळे माझ्याकडे बघू लागले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता, मग ती म्हणाली, "तूं घरा यो. फोनार न्हय."